कळसूबाईला हवाई प्रदक्षिणा

सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्यांमध्ये ‘इथे एकदा तरी उडाच’ अशा याद्या कायम फिरत असतात. त्यात नेपाळमधलं लुक्ला असतंच: जेमतेम ५२७ मीटर लांबीची, चढावर बांधलेली धावपट्टी, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. भूतानमधलं पारो असतं, आल्प्सच्या दरीतलं इन्सब्रुक असतं. हाँगकाँगचा काई टाकही असतो. खरा काई टाक १९९८ साली बंद पडला, पण संगणकावर तो अजून सुरू ठेवता येतो. अशा चार याद्या वाचल्या की पाचवी वाचायची गरज उरत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका मात्र मला त्यांतल्या एकीतही सापडलेला नाही. नेवासे, राहुरी, शेवगाव यांची तर गोष्टच सोडा.

माझं मत सरळ आहे. लुक्लाला जरूर जावं, दोनचारदा आपटावं आणि परत यावं. पण या छंदात मन रमायचं असेल तर आपल्या जिल्ह्यावरून उडावं. परक्या देशातला डोंगर कितीही देखणा असला तरी पाच मिनिटांत डोळे सरावतात. ज्या डोंगरावर आपण घाम गाळत चढलो, त्याच्या माथ्यावरून विमान काढताना मात्र माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. या छंदातला निम्मा आनंद देखाव्याचा, उरलेला निम्मा ओळख पटण्याचा.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खोटं विमान उडवून खरं विमान शिकायची कल्पना जुनी आहे. एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने १९२९ साली वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरून जागच्या जागी डुलणारं विमान बनवलं, आणि दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिकांनी त्यावर पहिले धडे घेतले. घरच्या संगणकावरचा मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आला. त्या वेळी चार तिरक्या रेघा म्हणजे डोंगर असायचा. उड्डाण शिकागोच्या मेग्ज फील्ड या छोट्या विमानतळावरून सुरू व्हायचं. पुढे २००३ साली तिथल्या महापौरांनी रात्रीत बुलडोझर घालून ती धावपट्टी उखडून टाकली, तेव्हा जिथे पाऊलही ठेवलं नव्हतं अशा विमानतळासाठी जगभरचे सिम्युलेटरवाले हळहळले.

चित्र पालटलं ते १८ ऑगस्ट २०२० रोजी. फ्रान्समधल्या असोबो स्टुडिओने बनवलेली मायक्रोसॉफ्टची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात सबंध पृथ्वी होती. उपग्रहचित्रं, उंचसखलपणाची मोजमापं, रस्ते, नद्या, सगळं इंटरनेटवरून आपल्या पडद्यावर उतरू लागलं. तोवर सिम्युलेटरमध्ये महाराष्ट्र म्हणजे मुंबईचा विमानतळ आणि पुढे हिरव्या-तपकिरी ठिगळांचं गोधडीसारखं मैदान. आता अकोले तालुक्यातल्या राजूरची बाजारपेठ शोधता येऊ लागली. नोव्हेंबर २०२४मध्ये पुढची आवृत्ती आली. एक्स-प्लेन हा दुसरा भक्कम पर्याय. विमान हवेत कसं वागतं याबाबत चोखंदळ असणारे त्याचं नाव घेतात. पैसे घालायचे नसतील तर फ्लाइटगिअर पूर्ण फुकट आहे, आणि गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीतही एक छोटा सिम्युलेटर दडलेला आहे. आपल्याला हे प्रकरण झेपतं का हे पाहायला तो पुरतो. जॉयस्टिक मात्र घ्यावी, कीबोर्डच्या बटणांवर विमान उडवणं म्हणजे शुद्ध छळ. एक इशाराही देऊन ठेवतो: कळसूबाईच्या अलीकडे लाईट गेली तर विमान, डोंगर आणि वैमानिक तिघंही एकदम अंधारात जातात. इन्व्हर्टर हा आपल्याकडे उड्डाणाच्या साहित्यातच धरावा.

शिर्डी, धावपट्टी २७

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. उडणाऱ्याच्या दृष्टीने त्याचं वैशिष्ट्य वेगळंच आहे. पश्चिमेच्या टोकाला १६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पूर्वेच्या टोकाला जायकवाडीच्या नाथसागराचं अथांग पाणी, मध्ये दोन नद्यांची खोरी, दक्षिणेला भीमा. डोंगर, कडा, धरण, कालवा, पठार, माळ असं सगळं एका जिल्ह्यात, आणि उतरायला आजूबाजूला नाशिकचं ओझर, चिकलठाणा, पुणे. जिल्ह्याचा स्वतःचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला. नाव शिर्डीचं, कारण शिर्डी तिथून साधारण चौदा किलोमीटरवर. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सिम्युलेटरमध्ये शोधताना ‘व्हीएएसडी’ हा संकेत टाकायचा.

इथली धावपट्टी अडीच किलोमीटर लांब आणि बरोबर पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडे तोंड केलं की तिचा आकडा २७, म्हणजे २७० अंश. आणि गंमत अशी की कळसूबाई काकडीपासून सुमारे ७० किलोमीटरवर जवळजवळ नाकासमोर आहे, २६२ अंशांवर. उड्डाण केल्यावर विमान जेमतेम आठ अंश डावीकडे वळवायचं आणि धरून ठेवायचं. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक जवळजवळ शून्य आहे. त्यामुळे कागदावर पट्टीने आखलेली रेघ जशीच्या तशी उडता येते. युरोप-अमेरिकेतल्या छंदिष्टांना हे सुख सगळीकडे मिळत नाही.

विमान साधं घ्यावं. सेस्ना १७२ उत्तम. पंख वर असतात, त्यामुळे खाली पाहायला आडकाठी होत नाही. १२० नॉटचा वेग धरला तर कळसूबाई वीस मिनिटांच्या आत येते. काकडीची जमीनच समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या आसपास आहे, शिखर ५४०० फुटांवर. म्हणून ६५०० फुटांपर्यंत सावकाश चढत जावं. सुरुवातीची दहा मिनिटं खाली फारसं काही घडत नाही, माळरान आणि शेतांचे चौकोन. ऑटोपायलट लावून चहा आणायला हीच वेळ बरी. मग उजव्या हाताला डोंगर उठू लागतात. त्यातला रुंद, सपाट माथ्याचा तो पट्टा किल्ला. १६७९ साली जालन्याच्या स्वारीहून परतताना मोगली फौज पाठीवर असताना शिवाजी महाराज इथे येऊन विसावले, म्हणून हा विश्रामगड.

यावरून एक मार्ग सुचवतो, जो परदेशी यादीत कधीच येणार नाही. चिकलठाण्याहून उड्डाण करावं (जालना तिथून पूर्वेला पन्नासेक किलोमीटर) आणि सरळ पश्चिमेला पट्ट्यावर यावं. वाटेत वैजापूर, कोपरगाव, गोदावरीचं पात्र. हे अंतर विमानाला पाऊण तासाचं आहे. उघड्या माळावर लपायला जागा नाही, पळणाऱ्या फौजेच्या घोड्यांवर लुटीचं ओझं, आणि डोंगर दिसू लागतात ते अगदी शेवटी. वरून पाहिलं की बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी फौज काढून नेली म्हणजे काय केलं, याचा अंदाज पुस्तकापेक्षा लवकर येतो. इतिहासातला प्रवास घेऊन तो उडून पाहणं ही मार्ग शोधायची सर्वांत चांगली रीत आहे. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन केलेलं कराची-अहमदाबाद-जुहू हे उड्डाण अनेकजण आवडीने पुन्हा करतात. आपल्याकडे तर अशा प्रवासांची ददात नाही. १७९५च्या खर्ड्याच्या लढाईसाठी पुण्याहून निघालेल्या फौजांची वाट घ्या, नाहीतर चोंडीहून माळव्याला गेलेल्या अहिल्याबाईंची.

कड्याच्या कडेने

कळसूबाईला पहिली प्रदक्षिणा शिखर डाव्या हाताला ठेवून घालावी, कारण वैमानिक डावीकडे बसतो. उजव्या हाताला ठेवून घातली तर ती शास्त्राला धरून होईल, पण दिसणार काही नाही. पश्चिमेकडे अलंग, मदन, कुलंग ही दुर्गांची रांग, दक्षिणेकडे भंडारदऱ्याचा जलाशय. दक्षिणेला वळलं की आठ किलोमीटरवर विल्सन धरण. प्रवरेवरचं हे दगडी धरण १९१०मध्ये सुरू होऊन १९२६ला पुरं झालं, उंची २७० फूट. धरणाच्या भिंतीवरून जलाशयात शिरावं, पाण्यापासून हजारेक फूट वर राहावं आणि नैऋत्येला पाणी जिथवर जातं तिथवर जावं. समोर रतनगड येतो. पायथ्याचं रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ इतक्या उंचीवरून ओळखू येत नाही, पण जलाशयाचा शेवटचा फाटा जिथे निमुळता होतो तिथेच ते आहे.

आता विमान वायव्येला घाटघरकडे काढायचं. हा या सबंध उड्डाणाचा कळस. पठार दोन-अडीच हजार फुटांवरून संथ चाललेलं असतं आणि एका क्षणी संपतं. खाली एकदम कोकण, शहापूर तालुका. विमान तितक्याच उंचीवर असतं. जमीनच निघून जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतोच, मग खुर्ची घरातली का असेना. इथेच घाटघरचा जलविद्युत प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. एक तलाव वर पठारावर, दुसरा खाली चोंढ्याला. दिवसा गरजेच्या वेळी वरचं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचं. खालून पाहणाऱ्याला एका वेळी एकच तलाव दिसतो. दोन्ही मिळून एक यंत्र आहे हे कळायला आकाशातच जावं लागतं.

घाटघरहून दक्षिणेला वळून कड्याची कड डाव्या पंखाखाली ठेवत निघायचं. रतनगड, कात्राबाई, आजोबाचा डोंगर, आणि मग हरिश्चंद्रगड. कोकणकडा पाहायचा तर कोकणातूनच यावं, साडेतीन हजार फुटांवरून, म्हणजे कड्याच्या माथ्याहून खाली राहून. तळाचं बेलपाडा आणि कड्याची धार यांत हजार मीटरच्या आसपास फरक आहे. वेळ दुपारी साडेचार-पाचची लावावी. कडा पश्चिमेला तोंड करून असल्याने सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. सायंकाळचं ऊन त्यावर सरळ पडतं आणि थर न् थर दिसू लागतो. सिम्युलेटरमध्ये सूर्य आपल्या हातात असतो, ही सोय खऱ्या ट्रेकरला नाही. भंडारदऱ्याचं खोरं मात्र उगवतीच्या उन्हात पाहावं, डोंगरांच्या लांब सावल्यांमुळे.

ज्यांना विमानाच्या इंजिनाचा कंटाळा आला असेल त्यांनी ग्लायडर घ्यावं. नोव्हेंबर २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने सिम्युलेटरच्या चाळिशीनिमित्त ग्लायडर आणि हेलिकॉप्टरं दिली. हवामान हाताने लावता येतं, म्हणून वारा पश्चिमेचा, वीस नॉटचा ठेवावा. तो कड्यावर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या हवेवर घाटघर ते हरिश्चंद्रगड अशा येरझाऱ्या बिनइंजिनाच्या विमानात घालता येतात, कडेच्या कोकणाकडच्या अंगाने. कड्याच्या पूर्वेला घसरलात तर हवा खाली दाबते आणि मग उतरायला भातखाचर शोधावं लागतं. हीच हवा पावसाळ्यात ढग घेऊन वर चढते आणि घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी बनवते. भूगोलाच्या तासाला ‘प्रतिरोध पर्जन्य’ घोकून पाठ केलेल्यांना तो इथे पंखाखाली लागतो.

हरिश्चंद्रगडाहून माळशेज, पिंपळगाव जोग्याचं धरण, शिवनेरी करत पुण्याला उतरता येतं. गडापासून लोहगाव हवेतून नव्वद किलोमीटर.

यंत्राला जे दिसत नाही

माझे एक मामा राजूरचे. दिवाळीला आले असताना त्यांना मी हे दाखवलं. आधी त्यांना वाटलं मी युट्यूबवर काहीतरी लावलंय. धरण आलं तसे ते स्टूल ओढून बसले.

“आरं, हे आपलं भंडारदरा ना? डावीकडं घे, डावीकडं. तिथं रंधा आसंल.”

डावीकडे घेतलं. रंधा होता, म्हणजे जागा होती. १७० फुटांवरून कोसळणारं पाणी नव्हतं.

“धबधबा बंद केलाय व्हय?” मामा म्हणाले. मग जरा वेळ गप्प राहून, “आन् हे सगळं उन्हाळ्यातलं दिसतंय. खाचरं कुठंयत? हिरवं कायच न्हाई.”

मामांनी एका वाक्यात या छंदातल्या मोठ्या उणिवेवर बोट ठेवलं. उपग्रहचित्र कामाचं व्हायचं तर आकाश निरभ्र लागतं. अकोले तालुका ज्या महिन्यांत खरोखर पाहण्यासारखा असतो, त्या महिन्यांत त्याच्यावर ढगांचं झाकण असतं. म्हणून सिम्युलेटरमधला सह्याद्री हा ढग नसलेल्या दिवसांचा, म्हणजे बहुतेक वाळलेला, तपकिरी सह्याद्री. पाऊस लावला तर पाऊस पडतो, काचेवर थेंबही ओघळतात, पण डोंगर हिरवा होत नाही. जूनच्या तोंडावर काजवे पाहायला भंडारदऱ्याला गर्दी करणाऱ्यांनी तर इकडे फिरकूच नये.

दुसरी उणीव उंचीची. डोंगरांच्या आकाराचा जगभरचा मोठा साठा आला तो फेब्रुवारी २०००मध्ये. एन्डेव्हर हे अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने जमीन मोजत होतं. ती मोजमापं आणि तशीच इतर वापरून सिम्युलेटर डोंगर उभे करतात. त्यात दर तीसेक मीटरवर एक आकडा असतो: या जागी जमीन इतकी उंच. एका जागेला एकच आकडा. आता कोकणकडा आठवा. तो नुसता उभा नाही, नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला आहे. माथा पुढे, पोट आत. एका जागेला एकच उंची लिहिणाऱ्या वहीत हे मावत नाही, त्यामुळे सिम्युलेटरमध्ये कोकणकडा हा एक तीव्र उतार होतो. रतनगडाचं नेढं, म्हणजे डोंगराला आरपार असलेलं भोक, त्याच कारणाने गायब. साम्रदची सांदण दरी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील इतकी काही ठिकाणी अरुंद. तीस मीटरच्या चाळणीतून ती गळून जाते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, जे पाहायला भूगर्भाचे अभ्यासक लांबून येतात, त्यांच्या वाट्याला एक करडा पट्टा येतो.

यातून मार्ग निवडायची एक साधी कसोटी मिळते. जे अवाढव्य आहे, ठसठशीत आहे, ज्याचा आकार पाण्याच्या कडेने किंवा डोंगराच्या धारेने ठरतो, ते सिम्युलेटरवर पाहावं. जे पोकळ आहे, अरुंद आहे, झुकलेलं आहे किंवा ऋतूवर अवलंबून आहे, ते पायी जाऊन पाहावं. सांदण दरी उडून पाहायची नसतेच.

प्रवरेबरोबर खाली

कड्याची कड थरारक खरी, पण मला जास्त आवडणारं उड्डाण निराळं आहे आणि त्यात एकही कडा नाही. प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि टोक्याला, प्रवरासंगमाला, गोदावरीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत ती याच जिल्ह्यात राहते. विल्सन धरणापासून संगमापर्यंत सरळ रेषेत १३० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे; नदीची वळणं धरून, १०० नॉटच्या आत राहून, सव्वा तास धरावा. नकाशा नको, ऑटोपायलट नको. नदी जिकडे नेईल तिकडे जायचं.

रंध्यानंतर निळवंडे. या धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडलं. त्याच्या पाण्याची वाट पाहण्यात इथल्या दुष्काळी गावांच्या पिढ्या गेल्या. तुमच्या पडद्यावरचं चित्र त्याआधीचं असेल तर कालव्याच्या जागी मातीचे तुकडे तुकडे दिसतील. मग अकोले, मग डोंगर बाजूला होतात आणि संगमनेर येतं, पुणे-नाशिक महामार्गाच्या ठळक पट्ट्यासह. संगमनेरच्या पुढे ओझरचा बंधारा लक्ष देऊन शोधावा, कारण इथून प्रवरेचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि जमिनीचा रंग बदलतो. तोवर हिरवी रेघ नदीला चिकटून होती. आता ती दोन्ही अंगांनी रुंदावत जाते. हा ऊस. डावीकडे लोणी-प्रवरानगर, विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने इथे १९५०मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला आणि महाराष्ट्राच्या राजकारणाचा पुढचा अर्धशतकाचा नकाशा या हिरव्या पट्ट्यातून निघाला. कोल्हारला नगर-मनमाड रस्ता नदी ओलांडतो, पुढे बेलापूर, उत्तरेला श्रीरामपूर. नेवाशाला थोडं खाली यावं. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून गीतेवर निरूपण केलं असं मानतात तो पैस खांब इथलाच. इमारत ओळखण्याच्या भानगडीत पडू नये, नदीचं वळण पाहावं. मुळा याच परिसरात प्रवरेला मिळते, आणि थोड्याच अंतरावर दोघी मिळून गोदावरीला.

संगमानंतर पाणी पसरत जातं आणि नाथसागर सुरू होतो. जायकवाडीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब; वीस-पंचवीस किलोमीटरवरून ती सरळ रेघ दिसते. १९७६ साली पूर्ण झालेल्या या धरणाखाली शेवगाव-नेवासे भागातली गावं गेली. सिम्युलेटरमध्ये हा जलाशय बाराही महिने काठोकाठ असतो. पाण्याची कड एकदा आखली की ती हलत नाही. वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणणारा मराठवाडा आणि सोडणार नाही म्हणणारे नगर-नाशिक यांचं दर दुष्काळात पेटणारं भांडण इथे होऊच शकत नाही. भिंतीवरून उत्तरेला वळलं की चाळीसेक किलोमीटरवर चिकलठाणा.

परतताना एक फेरी दक्षिणेने घ्यावी, शेवगावहून पाथर्डीवरून जामखेडकडे. बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, पाझर तलावांचे ठिपके, आणि कालव्याची रेघ कुठेच नाही. पाथर्डी-जामखेडची माणसं दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला निघतात, आणि ज्या उसाकडे निघतात त्यातला काही आपण अर्ध्या तासापूर्वी ओलांडलेला असतो. जिल्ह्याचे दोन भाग करावेत ही मागणी वर्षानुवर्षं ऐकू येते. जिल्हा प्रत्यक्षात कुठे दुभंगलाय ते तीन हजार फुटांवरून विचारावं लागत नाही.

शहर आणि बाकीचं

नगर शहराचं उड्डाण छोटं आहे. पुण्याहून नगर रस्ता धरून निघालं तर शंभर किलोमीटर. शिरूरला घोड नदी, मग सुपे, मग शहर. रस्ता पाहत उडण्याला वैमानिक मंडळी हसतात, पण चांगल्या उजेडात त्याहून भरवशाचा वाटाड्या नाही. शहरावर आलं की खूण एकच, किल्ला. जमिनीवरचा, गोलाकार, भोवती खंदक. १८०३च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने तो जिंकला. १९४२पासून नेहरू इथे कैदेत होते आणि त्यांचा भारताच्या शोधाचा ग्रंथ इथेच लिहिला गेला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. त्यावर खरं ड्रोन उडवायचा विचारही करू नये. सिम्युलेटरमध्ये कितीही घिरट्या घाला. उत्तरेचं के. के. रेंज हे रणगाड्यांचं सरावक्षेत्रही तसंच. किल्ल्याहून पूर्वेला बाराएक किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर एकटीच उभी असलेली अष्टकोनी इमारत म्हणजे चांदबिबीचा महाल. खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण नगरकर चांदबिबीला दिलेलं काढून घेत नाहीत.

भीमेकाठासाठी बारामतीहून निघावं. सिद्धटेक, पेडगावचा किल्ला, नदीची मोठाली वळणं. शांत, जरा एकसुरी. रात्रीचं उड्डाण करायचं असेल तर शिर्डी. आजूबाजूच्या अंधारात गावाचा उजेड लांबूनच दिसतो. आणि नवशिक्याला पहिलं उड्डाण द्यायचं तर शिर्डी ते इगतपुरी समृद्धी महामार्ग. इतका ठळक रस्ता चुकवायला विशेष कौशल्य लागेल.

मेलबर्नचा मनोरा आणि आपली देवळं

शेवटी एक खरी घडलेली गोष्ट. २०२०ची आवृत्ती आली तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एका साध्या उपनगरात बंगल्यांच्या मधोमध आकाशात घुसलेला एक सुळका दिसू लागला. २१२ मजल्यांचा! शोध घेतल्यावर कळलं की ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी लोकांसाठी बनवलेल्या नकाशात कुणीतरी एका घराचे मजले लिहिताना २च्या जागी २१२ टंकलं होतं. चूक नंतर दुरुस्त झाली, पण तोवर सिम्युलेटरने ती उचलली होती. जगभरचे लोक त्या मनोऱ्यावर विमान उतरवायला धावले.

या चुकीतच आपल्या कामाची गोष्ट आहे. जिथे माणसांनी माहिती भरलेली नाही तिथे यंत्र वरून दिसणाऱ्या छपरावरून अंदाज करतं आणि देवळाच्या जागी घर, कारखान्याच्या जागी गोदाम उभं करतं. शिखर, घुमट, दीपमाळ, धुराडं हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मेलबर्नकरांच्या एका घराचे मजलेसुद्धा कुणीतरी लिहिले, चुकीचे का होईना. आपल्या तालुक्यांत लिहायचं बरंच बाकी आहे. ओपनस्ट्रीटमॅप फुकट आहे, खातं उघडायला पाच मिनिटं लागतात, आणि त्याचा उपयोग सिम्युलेटरपुरता नाही. पुरात, आगीत मदत पोचवणारेही तोच नकाशा उघडतात. एक्स-प्लेनसाठी विमानतळाच्या इमारती बनवून सगळ्यांसाठी खुल्या करण्याचीही सोय आहे; काकडीचं टर्मिनल कुणा हौशी विद्यार्थ्याने हातात घ्यावं.

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत घरातल्या पोरांना विमान उडवायला बसवाच, पण त्याआधी त्यांच्याकडून आपल्या गावचं देऊळ, शाळा, बंधारा आणि पाण्याची टाकी त्या नकाशावर नोंदवून घ्या. मजले मोजून लिहा.